ट्रस्ट तुटला? थांब, लगेच डिसजॉईन करू नकोस

बाळा, तुझ्या ऑफिसातला फाइल सर्व्हर दर थोड्या दिवसांनी डोमेनमधून निसटतो आणि तू दर वेळी त्याला वर्कग्रुपमध्ये टाकून पुन्हा डोमेनला जोडतोस, हे तुझ्या आईकडून कळलं. (तिच्या मते यूपीएसची जागा बदलली की सगळं ठीक होईल. वास्तूवर तिचा भरवसा आहे, डीएनएसवर नाही.) पुन्हा जोडलं की लोक कामाला लागतात, साहेब शाबासकी देतात आणि मूळ दुखणं जिथल्या तिथं राहतं. एकदा तुटला तर योगायोग म्हणू; सारखा तुटतो, म्हणजे तोडणारं काहीतरी अजून चालू आहे. ते शोधायच्या सवयी खाली लिहिते. घाई नाही, वरून खाली वाच.

१. सर्व्हर कधी तुटला ते प्रत्येक वेळी वहीत लिही: तारीख, किती वाजता, आणि त्याआधी लाइट गेली होती का, अपडेट आला होता का, कुणी स्विच हलवला होता का – एरर दर वेळी तोच येतो, खरी माहिती वेळेत असते.

२. महिन्याच्या अंतरानं तुटत असेल तर पासवर्डकडे बघ, सर्व्हर सुरू होतानाच तुटत असेल तर स्विचकडे, लाइट जाऊन आल्यावर तुटत असेल तर घड्याळाकडे. आणि कशाला काही धरबंदच नसेल तर डीएनएसकडे – एवढ्या वाटणीनंच निम्मी शोधाशोध वाचते.

३. रिस्टार्टच्या आधी चालू अवस्था टिपून घे: आयपी, डीएनएस, घड्याळ, कोणता डोमेन कंट्रोलर धरलाय – मशीन पुन्हा सुरू झालं की हे सगळं नव्यानं मांडलं जातं आणि तुझ्या हाती काही उरत नाही. आधी टिपण, मग बटण.

४. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नेटलॉगनचे दोन नंबर ओळखायला शीक, ५७१९ आणि ३२१०. पहिल्यात बहुतेक वेळा डोमेन कंट्रोलर गाठता आलेला नसतो, दुसऱ्यात तो गाठलेला असतो पण त्यानं ओळख नाकारलेली असते – एकात रस्ता तपासायचा, दुसऱ्यात पासवर्ड, आणि ही दोन कामं एकमेकांत मिसळली की दिवस जातो.

५. सर्व्हरचा लॉग वाचलास तसा त्याच वेळेचा डोमेन कंट्रोलरचाही वाच, ५७२२ दिसतो का बघ – भांडणात दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, हे तुला घरात शिकवलंय.

६. तुटलेल्या अवस्थेत एकाच पीसीवरून शेअर दोनदा उघड: एकदा सर्व्हरच्या नावानं, एकदा आयपी पत्त्यानं. नावानं उघडतो आणि आयपीनं उघडत नाही, तर शेअरला हात लावू नकोस – दोष सर्व्हर आणि डोमेन कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेत आहे.

हे जरा सविस्तर सांगते, कारण इथं भले भले चकतात. नावानं गेलास की सहसा कर्बेरॉस वापरलं जातं. त्यात पीसी स्वतः तिकीट घेऊन येतो आणि सर्व्हर ते आपल्या किल्लीनं उघडून बघतो. त्या क्षणी डोमेन कंट्रोलरला विचारायची गरज पडत नाही. आयपीनं गेलास की सहसा एनटीएलएम येतं, आणि त्यात सर्व्हरला प्रत्येक माणसाची ओळख डोमेन कंट्रोलरकडून पटवून घ्यावी लागते. तिकीट नेहमीच्या सेटिंगमध्ये १० तास चालतं. म्हणून सकाळी लवकर येऊन बसलेल्या अकाउंट्सवाल्यांचं व्यवस्थित चालू असतं, आणि अकराला आलेला माणूस तुझ्या नावानं ओरडत असतो. दोघंही खरं बोलत असतात. कुणाचा पीसी फॉरमॅट करायला घेऊ नकोस.

७. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डात डीएनएस म्हणून फक्त आपले डोमेन कंट्रोलरच टाक, दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८ ‘असू दे, बॅकअप म्हणून’ असं मुळीच नको – बाहेरच्या डीएनएसला आपलं डोमेन माहीत नसतं. आपल्या गल्लीचा पत्ता परगावच्या माणसाला विचारू नये.

८. आणि ‘पहिला चालू असताना दुसऱ्याला कोण विचारतं’ हेही म्हणू नकोस – पहिल्यानं उत्तर द्यायला उशीर केला की विंडोज दुसऱ्याकडे वळतं, तो ‘असं नावच नाही’ म्हणून ठाम सांगतो, आणि ठाम उत्तर मिळाल्यावर विंडोज पुढे कुणाला विचारत नाही. कधी तुटतं, कधी जुळतं, त्याचं हे एक मोठं कारण.

९. इंटरनेटसाठी बाहेरचा डीएनएस हवाच असेल तर तो डोमेन कंट्रोलरवर फॉरवर्डर म्हणून लाव – मग आतलं नाव आत सुटतं आणि बाहेरचं बाहेर जातं.

१०. ब्रॉडबँडवाल्यानं नवा राउटर बसवला असेल तर आयव्ही-सिक्सचा डीएनएस गुपचूप येऊन बसलाय का ते बघ – तू आयव्ही-फोरचे रकाने तपासत राहतोस आणि विंडोज आधी त्या दुसऱ्यालाच विचारत असतं. सर्व्हरवर आयव्ही-सिक्स बंद करण्यापेक्षा राउटरनं ते वाटणं बंद कर.

११. हॉस्ट्स फाइल उघडून बघ, कुणी डोमेन कंट्रोलरचा जुना पत्ता हातानं लिहून ठेवलाय का – तात्पुरती ओळ टाकणारा नोकरी सोडून जातो, ओळ तिथंच राहते.

१२. बॅकअपसाठी दुसरं नेटवर्क कार्ड लावलं असेल तर त्याच्यावरची ‘हा पत्ता डीएनएसमध्ये नोंदव’ ही खूण काढ – नाहीतर लोकांना कधी खरा पत्ता मिळतो, कधी जिथं पोचताच येत नाही असा.

१३. सर्व्हरचा पत्ता पक्का ठेव आणि डीएचसीपीच्या वाटपातून तो वगळ – विंडोजचं डीएचसीपी पत्ता देण्यापूर्वी तो कुणाकडे आहे का हे मुळात तपासत नाही, त्यासाठीची सेटिंग शून्यावर असते. मग एखाद्या दिवशी नवा प्रिंटर तुझ्या सर्व्हरचा पत्ता घेऊन बसतो.

आता घड्याळ. याला लोक फार किरकोळ समजतात.

१४. सर्व्हर आणि डोमेन कंट्रोलर यांच्या घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नकोस – नेहमीच्या सेटिंगमध्ये कर्बेरॉसला तेवढाच फरक चालतो. घड्याळ चुकलं, की तिकीट हुकलं.

१५. नुसते काटे बघू नकोस, टाइम झोनही बघ. घड्याळात बरोबर दुपारचे तीन दिसतात आणि झोन अमेरिकेचा असतो, असं नव्या मशीनवर सर्रास आढळतं – कर्बेरॉस जागतिक वेळ मोजतं, त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाशी जुळणारा सर्व्हरही त्याच्या लेखी काही तास चुकलेला असू शकतो.

१६. लाइट जाऊन आल्यावर तारीखच मागे गेली तर मदरबोर्डवरचा चपटा सेल, सीआर २०३२, बदल – स्टेशनरीच्या दुकानातही मिळतो, आणि त्याच्यापायी लोक अख्खी विंडोज नव्यानं टाकतात.

१७. वेळ कुणाकडून येते ते डब्ल्यू-३२-टीएमला विचार. उत्तरात ‘लोकल सीमॉस क्लॉक’ आलं तर समज, की सर्व्हर स्वतःलाच वेळ विचारतोय – डोमेनमधल्या सर्व्हरनं डोमेन कंट्रोलरकडून घ्यावी, बाकीच्या डोमेन कंट्रोलरनी पीडीसी एम्युलेटरकडून, आणि बाहेरची वेळ फक्त त्या एकानं आणावी.

१८. डोमेन कंट्रोलर व्हर्च्युअल असेल तर तो होस्टकडून वेळ घेतोय आणि होस्ट त्याच्याकडून, असा फेरा झालाय का ते बघ – दोघंही एकमेकांवर विसंबून सारखेच चुकत जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

१९. बाहेरची वेळ एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरवरून घे – सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांना तसंच सांगितलंय. त्याच निर्देशांत १८० दिवसांचे लॉग जपायलाही सांगितलंय, तेव्हा लॉग छोटा ठेवून जागा वाचवायची तुझी सवय सोड.

यानंतर खरा मुद्दा, ज्याला सगळे ‘ट्रस्ट’ म्हणतात. डोमेनला जोडलेल्या प्रत्येक मशीनचं आपलं खातं असतं आणि त्या खात्याला पासवर्ड असतो, माणसांसारखाच. हा पासवर्ड मशीन स्वतः, दर ३० दिवसांनी, स्वतःहून बदलतं आणि डोमेन कंट्रोलरला कळवतं. डोमेन कंट्रोलर तो बदलायला लावत नाही, आणि मुदत उलटली म्हणून नाकारतही नाही. त्यामुळे ‘सर्व्हर दोन महिने बंद होता म्हणून ट्रस्ट गेला’ हे जे सगळे छातीठोकपणे सांगतात ते खरं नाही. सुरू झाल्यावर तो आधीच्याच पासवर्डनं आत येतो आणि मग बदलतो. ट्रस्ट तुटतो तो दोन्हीकडची नोंद वेगळी झाली म्हणून. ती वेगळी कशानं होते, एवढंच शोधायचं.

२०. जुना स्नॅपशॉट परत आणलास का, हा प्रश्न स्वतःला सगळ्यात आधी विचार – सर्व्हर मागच्या महिन्यात गेला, डोमेन कंट्रोलर आजच्या दिवसात राहिला, आणि मधे पासवर्ड बदलून गेला.

२१. बॅकअप तपासायला म्हणून त्याच सर्व्हरची प्रत चालू नेटवर्कवर सुरू करू नकोस, नेटवर्क काढून सुरू कर – प्रत स्वतःला खरा सर्व्हर समजते आणि महिना भरला की खऱ्याच्या नकळत पासवर्ड बदलून टाकते.

२२. एकाच नावाची दोन मशीनं डोमेनमध्ये नाहीत ना, हे खोलीखोलीत जाऊन बघ – दुसरं जोडलं की त्या खात्याचा पासवर्ड नवा होतो आणि पहिलं बाहेर फेकलं जातं. मग कुणीतरी पहिलं जोडतं आणि दुसरं पडतं. नाव एक, पेट्या दोन, रोज सकाळी नवा फोन.

२३. क्लोन करून नवा सर्व्हर बनवायचा तर सिसप्रेप चालव आणि नाव बदलूनच नेटवर्कला लाव – ‘नंतर बदलू’ म्हटलेली नावं कधीच बदलली जात नाहीत.

२४. डोमेन कंट्रोलर दोन असतील तर त्यांचं आपसातलं रेप्लिकेशन रेप-अॅडमिननं तपास, सर्व्हर तुटला नसेल त्या दिवशीही – नवा पासवर्ड एकाला कळला आणि दुसऱ्यापर्यंत गेलाच नाही, तर सर्व्हर ज्याच्याकडे जाईल त्यावर त्याचं नशीब ठरतं.

२५. जो डोमेन कंट्रोलर सहा महिने कपाटात पडून होता, तो ‘चालतोय का बघू’ म्हणून जोडू नकोस – खोडलेल्या नोंदींची आठवण नेहमीच्या सेटिंगमध्ये १८० दिवस राहते, त्यानंतर आलेला जुना खोडलेलं सगळं परत जिवंत करू शकतो.

नेटवर्कच्या तारांबद्दल थोडक्यात, कारण ते तुला येतं.

२६. सुरू होताना एकदा ५७१९ येतो आणि मिनिटभरात सगळं ठीक होतं, तर स्विचच्या त्या पोर्टवर पोर्टफास्ट लाव – जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री पोर्ट उघडायला ३० सेकंद घेतं, आणि आजचे सर्व्हर त्याच्या आत डोमेन कंट्रोलरला हाका मारून मोकळे होतात.

२७. लाइट आल्यावर आधी स्विच, मग डोमेन कंट्रोलर, शेवटी फाइल सर्व्हर, हा क्रम कागदावर लिहून रॅकला चिकटव – रात्री लाइट आली तर बटण वॉचमन दाबणार आहे, तू नाही.

२८. सुरू झाल्यावर नेटवर्क ‘डोमेन’ म्हणून दिसतंय की ‘पब्लिक’ ते बघ. पब्लिक असेल तर फायरवॉल शेअरची दारं लावून घेतो, आणि सर्व्हर बाहेर सगळीकडे जाऊ शकतो पण त्याच्याकडे कुणी येऊ शकत नाही – ही तक्रारही लोक ‘डोमेन तुटलं’ म्हणूनच सांगतात.

२९. नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवायला हे उपकरण बंद करू दे’ ही खूण काढून टाक – सर्व्हरनं दुपारी डुलकी घ्यायची नसते, ती साहेबांची वेळ आहे.

३०. फॉल्स सीलिंगमधली केबल एकदा उंदराच्या नजरेनं बघ, आणि स्विचच्या पोर्टवरचे एरर मोज – अर्धवट कुरतडलेली तार पिंगला चालते, मोठी फाइल गेली की मान टाकते.

३१. मधे फायरवॉल असेल तर ५३, ८८, १२३, १३५, ३८९, ४४५, ४६४ आणि ४९१५२ ते ६५५३५ हे पोर्ट डोमेन कंट्रोलरकडे मोकळे हवेत – शेवटची मोठी रांग लोक विसरतात, आणि बाकी सगळं चालत असल्यानं संशयही येत नाही.

फाइल सर्व्हर विंडोजचा नसून लिनक्सवरचा सांबा किंवा नॅसची पेटी असेल, तर वरचं डीएनएस आणि घड्याळाचं सगळं तसंच लागू. शिवाय हे तीन.

३२. सांबा आपला मशीन पासवर्ड विंडोजसारखा महिन्यानं नाही, दर ७ दिवसांनी बदलतो – म्हणून वहीत आठवड्याचा ताल दिसला तर चकित होऊ नकोस. आधी डब्ल्यूबी-इन्फोनं ट्रस्ट तपास, मग बाकीचं.

३३. एकाच मशीनवर एसएसएसडी आणि सांबा दोघंही त्याच खात्याचे कारभारी नाहीत ना, ते बघ – एसएसएसडी महिन्यानं पासवर्ड बदलून मोकळं होतं आणि सांबाला कळवायचं खास सांगितलं नसेल तर कळवत नाही. सांबाही तो बदलतो, म्हणून पासवर्ड बदलण्याचा अधिकार एकाच्याच हाती ठेव.

३४. नॅसचं फर्मवेअर जुनं असेल आणि विंडोजच्या अपडेटनंतर ती डोमेनमधून गेली असेल, तर पुन्हा जोडत बसू नकोस, फर्मवेअर बघ – मायक्रोसॉफ्टनं नोव्हेंबर २०२२ पासून नेटलॉगनचे नियम टप्प्याटप्प्यानं कडक केले आणि ११ जुलै २०२३ पासून सवलत पूर्ण बंद केली. जुन्या पेट्यांना ती नवी भाषा येत नाही.

इतकं बघून कारण सापडलं, की मग दुरुस्ती.

३५. डिसजॉईन करण्याआधी पॉवरशेलमध्ये टेस्ट-कम्प्युटर-सिक्युअर-चॅनेल चालव, आणि तुटलेलं निघालं तर त्याच आज्ञेला रिपेअर जोड – वर्कग्रुपमध्ये न टाकता पासवर्ड दोन्हीकडे एक होतो, आणि लोकांना चहाला पाठवून परत बोलवण्याइतकाच वेळ लागतो. हे नाही जमलं तर नेटडॉमचं रीसेट-पीडब्ल्यूडी आहेच.

३६. डोमेन कंट्रोलरवर त्या खात्यावर उजवं बटण दाबून ‘रीसेट अकाउंट’ म्हणू नकोस – ते नाव गोड आहे, पण त्यानंतर सर्व्हर पुन्हा जोडावाच लागतो.

३७. खातं डिलीट करून नवं तर त्याहून नको – नव्या खात्याला नवा एसआयडी मिळतो, डीएनएसमधली जुनी नोंद मात्र जुन्याच्या मालकीची राहते. सर्व्हरला ती ताजी करता येत नाही, सफाई चालू असेल तर काही दिवसांत ती पुसली जाते, आणि तू म्हणतोस ‘पुन्हा तुटलं’. तुझ्या सर्व्हरचं निम्मं दुखणं तुझ्या औषधाचं आहे, असा मला दाट संशय आहे.

३८. जोडावंच लागलं तर मूळ खातं ज्या लॉगिननं बनवलं होतं त्याच लॉगिननं जोड – ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून दुसऱ्याच्या नावचं मशीन खातं असं सहजासहजी पुन्हा वापरता येत नाही. का नाकारलं ते विंडोजच्या डीबग फोल्डरमधल्या नेटसेटअप लॉगमध्ये लिहिलेलं असतं.

३९. जोडण्यापूर्वी उघड्या फाइलींची यादी बघ आणि टॅलीवाल्यांना स्वतः जाऊन बंद करायला सांग, व्हॉट्सअॅपवर नाही – मेसेज सगळे वाचतात, टॅली कुणी बंद करत नाही. शेअर आणि फोल्डरच्या परवानग्या जागच्या जागी राहतात, त्यांची काळजी नको.

४०. लोकल अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड चालतो का ते आजच टाकून बघ, तुटल्यावर नाही – डोमेन नसताना आत जायचं खात्रीचं दार तेवढंच. तेही बंद निघालं तर नेटवर्कची केबल काढ आणि पूर्वी त्या सर्व्हरवर आलेल्या डोमेन लॉगिननं आत जाऊन बघ. जपून ठेवलेल्या ओळखीवर बहुतेकदा आत घेतो.

४१. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि काय बदललंस ते वहीत त्याच तारखेखाली लिही, मग पुढचे ३० दिवस काही न करता थांब – पासवर्डचा एक फेरा सुखरूप पार पडल्याशिवाय साहेबांना ‘झालं’ असं सांगायचं नाही.

आज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर सातव्या आणि बाविसाव्या मुद्द्यापासून सुरुवात कर. काय निघालं ते मला फोन करून सांग, पण रात्री दहाच्या आत. आणि आईला सांग, यूपीएस आहे तिथंच राहू दे.